बाईंच्या खानावळीतला बांगडा

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

परभणीला आजारांच्या साथींवर लक्ष ठेवणाऱ्या सर्वेक्षण कक्षात रुजू झालीस, वाचून फार बरं वाटलं. त्याच पत्रात तू विचारलंस, "सर, माशांतल्या विषांचं प्रशिक्षण आमच्या माथी कशाला? मराठवाड्याला ना समुद्र, ना खाडी." फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण या प्रश्नाशी माझं एक जुनं देणं आहे, म्हणून बसून लिहितोय.

समुद्र आपल्याकडे ट्रकने येतो. मुंबईहून छत्रपती संभाजीनगर साडेतीनशे किलोमीटर, नांदेड त्याच्याही पुढे अडीचशे. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा घालून निघालेला बांगडा पहाटे शहरात उतरतो, तिथून तालुक्याला, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर आठवडी बाजारात. दर टप्प्यावर बर्फ वितळतो आणि नवा घालायचा तर पैसे पडतात. शिवाय आपल्याकडे माशांना गिऱ्हाईक कधी जास्त, तर आखाडात. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचं म्हणून. आणि नेमकी तेव्हाच, १ जूनपासून, पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. मागणी भरात आणि ताजा माल नाही. जे येतं ते शीतगृहातलं किंवा लांबच्या बंदरावरचं. तुझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर आखाडाला आत्ताच खूण करून ठेव.

आता देण्याबद्दल. तीसेक वर्षांपूर्वी मी तुझ्यासारखाच नवा होतो. तालुक्याच्या गावी एक बाई खानावळ चालवायच्या. नवरा गेलेला, पदरी दोन मुलं. बाजार समितीतले हमाल आणि कॉलेजची पोरं त्यांच्याकडे जेवायची, आणि बुधवारी मासे असायचे. एका आखाडातल्या बुधवारी रात्री नऊच्या सुमाराला दहा-अकरा पोरं दवाखान्यात आली. चेहरे आणि माना लालभडक, छातीत धडधड, डोकं फुटायला आलेलं, दोघांना जुलाब. मी सलाईन लावलं, ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, आणि मध्यरात्रीपर्यंत सगळी उठून बसली. मला वाटलं, काम झालं. कागदावर लिहिलं: "अन्नातून विषबाधा. कारण: स्वयंपाकघरातील अस्वच्छता."

त्या एका ओळीवर खानावळीला कुलूप लागलं. बाई दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळहात पुढे केले. "साहेब, दोनदा धुतला, चांगला कडक तळला. अजून काय करायचं व्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही हे मान्य करण्याइतकी समजही नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी एका प्रशिक्षणात माशात तयार होणाऱ्या हिस्टामिन या विषाची माहिती ऐकली आणि ते लाल चेहरे जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले. बाईंनी अजून काहीच करायचं नव्हतं. विष त्यांच्या चुलीपर्यंत तयार होऊनच आलं होतं.

ते कसं, हे नीट समजून घे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा थंड राहिला नाही की त्यावरचे जंतू, मॉर्गनेला हा त्यातला नावाजलेला, त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करून टाकतात. पंचवीस-तीस अंशांच्या उकाड्यात त्याला काही तास पुरतात. तळलं, उकळलं, पुन्हा बर्फात ठेवलं, तरी तयार झालेलं हिस्टामिन जात नाही. जंतू मरतात, विष उरतं. माशाला नासका वास येईलच असंही नाही. म्हणून वासावर विश्वास ठेवणारी गृहिणी आणि कढईवर विश्वास ठेवणारा आचारी, दोघंही फसतात. आठवडी बाजारातला खारवलेला सुका बांगडाही यातून सुटलेला नाही. तो आधी किती वेळ उन्हात पडून होता आणि मग मिठात गेला, यावर सगळं असतं.

अशा रुग्णाच्या तोंडून दोन गोष्टी काढून घे. एक, खाताना तोंडात मिरी चावल्यासारखं चरचरलं का. दुसरी, वेळ. हिस्टामिनचा त्रास काही मिनिटांत, फार तर तासाभरात सुरू होतो. डॉक्टर बहुतेक वेळा ॲलर्जी म्हणून सोडून देतात, कारण ॲलर्जीच्या औषधानेच उतार पडतो. पण एका पंगतीतल्या अकरा जणांना एकाच रात्री ॲलर्जी होत नसते. तशी नोंद ओपीडीच्या वहीत दिसली की त्या दिवशी तू गाडी काढायची.

वेळ विचारायची कशी, हे मी फार उशिरा शिकलो. "त्रास कधी सुरू झाला?" म्हटलं की माणूस सांगतो, "जेवल्यावर." त्याचा उपयोग नाही. विचार, ताटावरून उठला होतात का? हात धुवायला गेलात तेव्हा लाइट होती की गेली होती? टीव्हीवर काय लागलं होतं? शेवटची एसटी गेली होती का? माणसाला घड्याळ आठवत नाही, एसटी आठवते. या एका वेळेवर तुझी अर्धी तपासणी उभी आहे. तासाभराच्या आत लाली आणि धडधड असेल तर हिस्टामिन. एक ते सहा तासांत उलट्यांचा सपाटा असेल तर स्टॅफिलोकॉकस या जखमेत वाढणाऱ्या जंतूचं विष, आणि तेव्हा स्वयंपाक्याच्या हातावरची जखम बघायची. ओठ-जिभेला मुंग्या येऊन हातपाय लुळे पडू लागले तर फुगू मासा किंवा शिंपल्यांतलं चेतासंस्थेवरचं विष, आणि तिथे लक्ष श्वासावर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर मासे नदीत कीटकनाशक टाकून मारले होते का, हे विचार. असे मासे मारणारे लोक आहेत, आणि ते आपणहून सांगत नाहीत.

आता त्या खानावळीत माझी खरी चूक कुठे झाली ते सांगतो. मी फक्त आजारी पोरांशी बोललो. दाराशी एक माळकरी हमाल बसला होता. गळ्यात तुळशीची माळ, मासा शिवत नाही. पण त्याच पंगतीत बसून त्याने तेच वरण, तीच भाकरी खाल्ली होती, त्याच माठातलं पाणी प्यायला होता, त्याच बाईंच्या हातचं वाढलेलं जेवला होता. त्याला काही झालं नव्हतं. एवढं एकच मी विचारलं असतं, तर पाणी, हात, भांडी, सगळं निर्दोष सुटलं असतं आणि बोट सरळ बांगड्याकडे गेलं असतं. पुस्तकात याला तुलना गट म्हणतात. आपल्या भागात तो माळ घालून समोर बसलेला असतो. ज्यांना काही झालं नाही त्यांची यादी आजाऱ्यांच्या यादीइतकीच काळजीने कर. कुणी काय खाल्लं, काय खाल्लं नाही, पदार्थवार लिही, आणि मग प्रत्येक पदार्थामागे खाल्लेल्यांत किती आजारी, न खाल्लेल्यांत किती, ते मांड.

यादीत आणखी एक रकाना ठेव: सध्या कोणती औषधं चालू आहेत. क्षयाच्या उपचारातलं आयसोनियाझिड शरीरातल्या हिस्टामिनची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमला अडवतं. एकाच घरात दोघांनी सारखाच मासा खाल्ला, एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याचा रक्तदाब कोसळला, असं दिसलं तर त्या दुसऱ्याच्या उशाशी टीबीच्या गोळ्यांचं पाकीट आहे का बघ. लोक ते लपवतात. चारचौघांत विचारू नकोस.

गोड्या पाण्यातले मासे म्हणजे निर्धोक, असंही धरू नकोस. जायकवाडीची किंवा आंध्रातून येणारी रोहू-कटला आपण रोज खातो आणि त्या मांसाने काही होत नाही. पण दमा, मधुमेह जातो म्हणून कुणी या माशांचं कच्चं पित्त गिळतं. काही तासांत उलट्या-जुलाब, ते थांबल्यावर घरच्यांना वाटतं बरा झाला, आणि दोन-तीन दिवसांनी लघवी बंद होते. मूत्रपिंड गेलेलं असतं. म्हणून उलटी थांबलेल्या रुग्णाच्या घरीही तिसऱ्या दिवशी जा. हा साथीचा नव्हे, एकट्या माणसाचा आजार आहे, पण चौकशीची रीत तीच.

पाहण्याच्या सवयीबद्दल एक उदाहरण मला फार प्रिय आहे. १९८७ च्या अखेरीस कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शिंपल्या खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले. काहींची स्मृती कायमची गेली, काही दगावले. प्रयोगशाळेत शिंपल्यांचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा ठाऊक असलेल्या विषाने उंदीर जसे मरतात तसे ते मेले नाहीत. ते आपले खांदे खाजवत होते. कुणीतरी ते नुसतं पाहिलं नाही, लिहून ठेवलं. त्यावरून हे काहीतरी वेगळं आहे हे कळलं, आणि काही दिवसांतच डोमोइक आम्ल सापडलं. तोवर शिंपल्यांत हे विष असू शकतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. तुझ्या छापील फॉर्ममध्ये रकाना नसेल तरी दिसलं ते समासात लिही.

नमुन्यांचं थोडक्यात. उरलेला शिजवलेला मासा घेच, पण त्याहून मोलाचा तो त्याच खोक्यातला न शिजवलेला मासा. स्वच्छ बरणी, भरपूर बर्फ, फॉर्मालिन अजिबात नाही. हिस्टामिन माशात सारखं पसरलेलं नसतं, एका तुकड्यात काही नाही आणि शेजारच्यात भरमसाट असं होतं. म्हणूनच युरोपातल्या नियमात एका मालातून ९ नमुने घेतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली हिस्टामिनची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. तुझा एकच तुकडा निर्दोष आला म्हणून मासा सुटला असं समजू नकोस. कायद्याचा नमुना अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी घेतील, त्यांना पहिल्या तासातच फोन कर. रात्र झाली म्हणून थांबलीस तर सकाळी बाजार धुतलेला असतो.

आणि मग मागे मागे जा. बाईंनी मासा कुणाकडून घेतला, त्याने कोणत्या अड्ड्यावरून, किती वाजता उचलला, बर्फ कुठल्या कारखान्याचा, किती लाद्या, पावती आहे का. विक्रेत्याला दम देऊ नकोस, त्याच्याशेजारी बसून चहा घे. वाटेत ट्रक बंद पडून चार तास उन्हात होता, हे त्याला माहीत असतं. पोलिसासारखं विचारणाऱ्याला ते तो कधीच सांगणार नाही.

अहवालात "अस्वच्छता" हा शब्द तू स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नकोस. कारण कळलं नसेल तर "कारण अद्याप निश्चित नाही" असं लिही. त्यात कमीपणा नाही. साखळीतल्या शेवटच्या माणसाचं नाव लिहिणं सोपं असतं, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा चुलीपुढची बाई असते. हिस्टामिनचं कळल्यावर मी त्या गावी गेलो होतो. खानावळीच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. बाई कुठे गेल्या, कुणाला नीट सांगता आलं नाही.

एसटीच्या पार्सलने माझा टोकदार थर्मामीटर पाठवतोय. नवे सेल घातलेत. बाजारात गेलीस की खोक्याच्या वरच्या थरातला नव्हे, मधल्या बांगड्याच्या पाठीत, काट्यापर्यंत खुपस. ४ अंशांच्या वर आकडा दिसला तर लिहून ठेव, सोबत वेळही. पण वापरण्याआधी पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून टोक बुडव आणि शून्य दाखवतोय का बघ. माझ्याकडे तो अर्धा अंश जास्त दाखवत होता.

तुझे,
सर