देशभर महापौर थेट जनतेतूनच निवडायचा असा एकच कायदा केंद्र सरकार करू शकतं का?

साध्या कायद्याने नाही, घटनादुरुस्ती करावी लागेल. स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत येतो आणि 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 243आर मध्ये स्पष्ट लिहिलंय की अध्यक्ष (म्हणजे महापौर किंवा नगराध्यक्ष) कसा निवडायचा ते राज्याचं विधिमंडळ ठरवेल, म्हणूनच उत्तर प्रदेशात लोक थेट महापौर निवडतात आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यात नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी.

पण राज्याने असं ठरवण्याला स्थानिक निर्णय म्हणणं मला पटत नाही, कारण शहराला कोणी विचारतच नाही. महाराष्ट्रातच बघा, नगराध्यक्ष 2016 ला थेट जनतेतून केला, 2020 ला सरकार बदलल्यावर ते रद्द, 2022 ला परत सरकार बदललं की परत थेट! मध्य प्रदेशातही महापौराचं असंच झालं. खरा स्थानिक निर्णय म्हणजे इंग्लंडमधलं ब्रिस्टल, तिथे 2012 ला लोकांनी सार्वमतात थेट महापौर हवा म्हणून मत दिलं आणि 2022 ला दुसऱ्या सार्वमतात तेच पद नको म्हणून सांगितलं. असा हक्क आपल्या शहरांना मिळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, दिल्लीतून एकच साचा नको.

एक मात्र लक्षात घ्या, आपल्या महापालिकांत प्रशासकीय अधिकार आयुक्तांकडे असतात, महापौराकडे जवळपास काहीच नाही, त्यामुळे ते बदलल्याशिवाय नुसती निवडपद्धत बदलून रस्ते-पाण्याच्या कामात फार फरक पडणार नाही.