खुल्या बाजाराचे समर्थक शेतमालातल्या सरकारी हस्तक्षेपाला एवढा विरोध का करतात? सरकार बाजूला झालं तर शेतकरी कंपन्यांच्या तोंडी जाणार नाही का?

मी चांदवड तालुक्यात कांदा करतो आणि शेतकरी संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींच्या विचारांचा आहे. म्हणजे उत्तर एका बाजूचंच मिळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही 'सरकार' म्हणताय, पण आमच्या डोक्यावर दोन सरकारं आहेत आणि दोघांची कामं वेगळी. बाजार समिती राज्याची, 1963 च्या राज्याच्या कायद्याने चालणारी. व्यापाऱ्याला परवाना तिथलाच, सेस म्हणजे बाजार शुल्कही तिथेच. निर्यात मात्र पूर्ण केंद्राच्या हातात. 1992 च्या विदेश व्यापार कायद्याखाली दिल्लीत एक अधिसूचना निघाली की काम झालं. संसदेत चर्चा नाही, राज्याला विचारणं नाही. शेती हा राज्याचा विषय आहे असं सगळे शाळेत शिकतात, पण कांद्याचा भाव लासलगावच्या कांदा बाजारापेक्षा दिल्लीत जास्त ठरतो.

2020 चे तीन कृषी कायदे आठवत असतील. त्यातल्या एकाने आवश्यक वस्तू कायद्यात बदल करून साठ्यावरची बंधनं सैल केली होती. भाजीपाला-फळांचे किरकोळ भाव दुप्पट झाले तरच साठ्यावर मर्यादा घालायची, अशी अट होती. आमच्यातले बरेच जण खूश होते, मीही होतो. त्या कायद्यांची विधेयकं लोकसभेत मांडली गेली 14 सप्टेंबर 2020 ला. आणि त्याच दिवशी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली! सभागृहात शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य आणि त्याच संध्याकाळी बंदरावर कंटेनर अडकलेले. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की त्या कायद्यांनी राज्याच्या बाजार समितीला हात घातला, पण केंद्राने निर्यात अडवण्याच्या स्वतःच्या अधिकाराला कुठेच कात्री लावली नाही. पंजाबातल्या शेतकऱ्यांची भीती वेगळी होती, हमीभावाने होणारी सरकारी खरेदी जाईल ही; आमची तक्रार वेगळी होती, निर्यातबंदीची. नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले तेव्हा दोन्ही तशाच राहिल्या.

पुढचं 2023. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये होता. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही. 8 डिसेंबरला सरळ बंदी. आदल्याच दिवशी, 7 डिसेंबरला, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले होते, म्हणजे कांदेवाला आणि ऊसवाला दोघंही दोन दिवसांत गारद. डिसेंबरमध्ये बाजारात येतो तो लाल कांदा. तो चाळीत टिकत नाही, काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. भाव पडलाय म्हणून थांबण्याची सोयच नसते. काही आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आले. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. बंदी चालू असतानाच गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टनांची खास परवानगी मिळाली होती. त्यावर आमच्याकडे काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शहरात राहणाऱ्याला वाटतं, बरं झालं, कांदा स्वस्त झाला. पण भाव 2 रुपये किलो होतो तेव्हा दिल्ली धावून येत नाही. वर जाताना बाजार अडवायचा आणि खाली येताना 'बाजारच आहे, काय करणार' म्हणायचं. शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे: खतावर-विजेवर जे देता, त्याहून जास्त भाव पाडून काढून घेता. 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा चालत आली ती याच हिशोबावर. आणि कृपया यात पक्ष शोधू नका. आजवर केंद्रात आलेल्या प्रत्येकाने हे केलंय.

आता राज्य. माझ्या मते तिथला दोष लहान नाही, फक्त कमी दिसतो. लिलाव कधी पाहिलाय? ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, व्यापाऱ्यांचा जथा एकेका ट्रॉलीपाशी येतो, कोणीतरी मूठभर कांदे उचलून दाबून बघतो, एखादा फोडतो, पुकारा होतो आणि अर्ध्या-एक मिनिटात तुमच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. बोली लावणारे ठरलेले, परवानाधारक. सप्टेंबर 2023 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी निर्यात शुल्काविरुद्ध लिलाव बंद ठेवले, तेव्हा भरलेल्या ट्रॉल्या घेऊन शेतकरी जाणार कुठे? मागणी आमच्याही फायद्याची होती, पण मार खाल्ला आम्ही. मूठभर परवानेवाल्यांच्या हातात बाजार दिला की असंच होतं. जुलै 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून सोडवला आणि अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. ते योग्यच होतं. पण कागदावर सुटलेला माल प्रत्यक्षात त्याच आवारात जातो, कारण दुसरीकडे खरेदीदार उभा राहायला वेळ लागतो, आणि उद्या धोरण बदलणार नाही याची कोणालाच खात्री नसते.

राज्याच्या एकाधिकाराचा इतिहास विदर्भातल्या कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच घालायचा. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेपलीकडे नेणं हा गुन्हा. स्वतःच्या शेतातला कापूस, आणि चोरीचा माल असल्यासारखी नाकेबंदी.

कंपन्यांच्या भीतीकडे येतो. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. बिहारने 2006 मध्ये बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला, तरी तिथे सोन्याचा धूर निघाला नाही. गोदामं नाहीत, रस्ते नाहीत, तर नुसता कायदा काढून काय होणार? पण आमच्याच निफाड-दिंडोरीत द्राक्ष बघा. सौदा बागेत होतो. माल युरोपात जातो, निर्यातबंदीची तलवार नसते. 2010 मध्ये औषधाच्या अंशामुळे युरोपातून माल परत आला, तेव्हा बागायतदारांनी फटका सोसला आणि फवारणीचं वेळापत्रकच बदललं. तिथे फसवणूक होते ती दुसऱ्या प्रकारची: व्यापारी माल उचलतो, चेक देतो आणि गायब होतो. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी या तक्रारी मनावर घेतल्या, तेव्हा बऱ्याच जणांचे बुडालेले पैसे निघाले. मला सरकारकडून हवंय ते हे. फसवणाऱ्याला पकडा, चेकची केस वर्षानुवर्षं लोंबकळू देऊ नका, रस्ता आणि वीज द्या. कोणी कोणाला किती भावाने विकावं ते आमच्यावर सोडा. मोठी कंपनी आली तर येऊ दे. एकाऐवजी चार आल्या तर माझा भाव वाढेल, आणि कराराप्रमाणे पैसे दिले नाहीत तर तिच्यावरही तोच कायदा चालला पाहिजे.

हमीभावाच्या कायद्याला माझा विरोध आहे, आणि इथे माझे शेजारीही माझ्याशी भांडतात. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी माल त्याच्या खूप खाली जात होता. खरेदी केंद्रावर 12 टक्के ओलाव्याची अट, पुढे ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली तोवर गरजवंताने माल विकून टाकला होता. त्याआधी डिसेंबर 2021 पासून सोयाबीनचा वायदाही (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारा सौदा) बंद होता, त्यामुळे पुढच्या भावाचा अंदाज घ्यायचा तर कशावर? सगळा खेळ बंद करून वर एक आकडा जाहीर करायचा, याला मी आधार म्हणत नाही.

खाद्यतेलाच्या आयातीवर मात्र आमच्यातलेच बरेच जण अडखळतात. निर्यात खुली हवी आणि आयातीवर जबर शुल्क हवं, हे दोन्ही एका तोंडाने मागता येत नाही. माझं म्हणणं साधं आहे. पामतेल येऊ द्या, पण आधी माझा कांदा अडवायचा अधिकार सोडा, वायदा सुरू करा, बियाण्याचं तंत्रज्ञान खुलं करा. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, पण तणनाशक सहन करणाऱ्या वाणासाठी 2019 ला अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांना कायदा मोडून पेरणी करावी लागली. माझे हात बांधून ठेवायचे आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याशी स्पर्धा कर म्हणायचं, एवढ्यालाच माझा आक्षेप आहे.