मैत्रिणीने आधी त्याचं वाईट सांगितलं, मग नंबर दिला

तुमचा प्रश्न वाचला. वय ३१, नागपूर, जवळची मैत्रीण तिच्या नवऱ्याच्या मित्राशी ओळख करून द्यायची म्हणते आहे, अशातून खरंच कोणाचं जमतं का आणि नाही जमलं तर मैत्री खराब होते का. माझी केस अगदी हीच, फक्त मी तेव्हा ३२ ची होती.

तर सरळ उत्तर आधी. हो, जमतं, माझं जमलं. आणि हो, मैत्री खराब पण होते, माझी एक झाली. दोन्ही सांगते, लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

त्याआधी मी दोन वधू-वर परिचय मेळावे करून चुकली होती. हॉलमध्ये सकाळपासून बसायचं, फोटोवाली पुस्तिका हातात, नंबर पुकारला की स्टेजवर जाऊन माइकवर नाव, शिक्षण, उंची, पगार आणि शेवटी "अपेक्षा अनुरूप". अनुरूप म्हणजे नेमकं काय ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. खाली लोकांचे आई-बाबा पुस्तिकेत पेनाने टिक करून राहिले, मागून मसालेभाताचा वास येऊन राहिला, आणि दुसऱ्या मेळाव्यात तर एका काकूंनी मला बाजूला बोलावून चष्म्याचा नंबर विचारला आणि माझ्या फोटोखाली लिहूनही घेतला. घरी आली आणि आईला म्हटलं, बस झालं आता.

मग कॉलेजच्या एका मैत्रिणीने मनावर घेतलं. तिच्या नात्यातला मुलगा. मला सांगितलं बर्थडे आहे ये, मी आपली तेल लावलेल्या केसांनी जुनी जीन्स घालून गेली तर तिथे तो मुलगा, त्याची बहीण, बहिणीचा नवरा, सगळे इस्त्रीच्या कपड्यात सोफ्यावर. केक होता पण बर्थडे कोणाचाच नव्हता. तो बिचारा गिफ्ट पॅक करून घेऊन आलेला, म्हणजे त्यालाही तेच सांगितलं होतं. पुढचे पंधरा दिवस रोज मेसेज, काय ठरलं मग, काय ठरलं. मी नाही म्हटलं तर म्हणते, त्याच्यात कमी काय आहे ते तरी सांग. कमी काही नव्हतं हो, पण नाही वाटलं तर नाही वाटलं, आता त्याचं कारण कुठून आणू? तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे दिवाळीला एक स्टिकर तिचा, एक माझा. म्हणून म्हटलं, तुमची भीती खोटी नाही.

आता दुसरी मैत्रीण. ही ऑफिसची, बाजूच्या टेबलवरची, सहा वर्षं एका डब्यात जेवलेलो. ऑगस्ट २०१८ मध्ये एका रात्री हिचा फोन. म्हणे, "ऐक, एक पोरगा आहे, माझ्या नवऱ्याचा मित्र. पहिले त्याचं वाईट सांगते, चांगलं तुझं तू पाहून घे."

आणि सांगितलं हो खरंच. साखरपुडा झाला होता, मोडला, मुलीकडून मोडला, त्यानंतर वर्षभर हा कोणाच्या लग्नाला गेला नाही. शहराच्या टोकाला बेसा आहे, तिथे फ्लॅट घेतलाय, अर्धा पगार त्याच्या हप्त्यातच जातो. बोलतो कमी, इतकं कमी की तिला स्वतःलाच दोन वर्षं वाटत होतं त्याला आपण आवडत नाही. आणि खर्रा खातो.

इथे मी फोन ठेवणारच होती. नागपूरबाहेरच्यांसाठी, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटून घोटून देतात ते. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली पण आमच्या पानठेल्यांवरचं ते घोटणं काही थांबलं नाही. माझे बाबा तंबाखू खायचे आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलंय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जोकचा नाही. मी म्हटलं, "आणि तरी तू मला सांगून राहिली?" ती म्हणे, "लपवून सांगू का मग? तुले नंतर कळलं असतं तर माह्याच घरी येऊन भांडली असती."

मग मी घाबरत विचारलं, त्याला माझं काय सांगितलं? म्हणे सगळं. की ही कुठेच वेळेवर पोचत नाही. चिडली की दोन-दोन दिवस फोन बंद करून बसते. आणि बाबा गेल्यापासून आई एकटी आहे, लग्न कोणाशीही झालं तरी आई हिच्यासोबतच राहणार, ज्याला चालत नसेल त्याने यायचंच नाही. हे तिसरं मी दोन्ही मेळाव्यांमध्ये माइकवर बोलायची हिंमत केली नव्हती, आणि हिने पहिल्या फोनमध्ये बोलून मोकळी.

मला विचाराल तर मित्रांनी केलेल्या ओळखीचा खरा फायदा हाच आहे, बाकी सगळं नशीब. बायोडाटात कोणी लिहीत नाही की मुलगी रुसते. मेळाव्यात कोणी म्हणत नाही की मुलगा खर्रा खातो, तिथे सगळेच निर्व्यसनी असतात. पण जिने तुम्हाला महिन्याच्या २८ तारखेला उधार मागताना पाहिलंय तिला तुमचा खरा बायोडाटा पाठ असतो. फक्त तो तिने सांगितला पाहिजे, दोन्हीकडे सारखा.

भेट झाली मारबतच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवतात ते बाईचे मोठे पुतळे, काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि सोबत दरवर्षीचे नवे बडगे, म्हणजे चालू विषयांची टर उडवणारे पुतळे. मैत्रिणीचं सासर इतवारीकडचं, मिरवणूक घराजवळूनच जाते, म्हणून दरवर्षी त्यांच्या गॅलरीत वीस-पंचवीस लोक असतात. तिने हा दिवस मुद्दाम धरला होता. नाही पटलं तर गर्दीत मिसळून जायचं, कोणाला काही कळणार नाही, ना सोफा ना पोह्यांची प्लेट. (तसंही पाहायच्या कार्यक्रमात पोहे देतात ते बिनतर्रीचे, म्हणजे वर चण्याचा तिखट रस्सा नसलेले, ते काय खायचे.)

मी पोचली पाऊण तास उशिरा. जिन्यात एक उंच माणूस एका हाताने मैत्रिणीच्या चार वर्षांच्या पोराला धरून आणि दुसऱ्या हातात चाकावरचा लाकडी बैल घेऊन उभा, बैलाचं एक चाक निघालेलं. लाकडी बैलवाल्या पोरांचा तान्हा पोळा ना त्याच दिवशी, पोरगं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जायचं म्हणून रडून राहिलं आणि हा काही न बोलता रबर बँडने चाक बसवून राहिला. मी विचारलं, "वर जायला हाच जिना का?" तर म्हणे, "हो. तुम्ही पाऊण तास म्हणाल्या होत्या, बरोबर आल्या." मी कुठे म्हटलं होतं! मैत्रिणीने सांगून ठेवलेलं.

वर गॅलरीत ढोल आणि "घेऊन जा गे मारबत" इतक्या जोरात की बोलणं शक्यच नव्हतं. बडग्यांवरच्या पाट्या त्या वर्षी पेट्रोलच्या भावावर होत्या, त्याने एक वाचून दाखवली, मी हसली, एवढंच आमचं संभाषण. दोन तासात बहुतेक दहा वाक्यं. घरी येताना मला ना आवडला ना नावडला असं झालं होतं, खरं सांगते, वीजबीज काही चमकली नाही.

पण मैत्रिणीने त्या रात्री फक्त एक मेसेज केला. त्याचा नंबर, आणि खाली "आता माझं काम झालं, मी विचारणार नाही". आणि नाहीच विचारलं! सात महिने बाजूच्या टेबलवर बसून एक शब्द नाही. पोटात किती दुखलं असेल तिच्या. मी फोन पाहून हसली की ती मुद्दाम डबा उघडायची.

मग आम्ही आपले आपण भेटत गेलो. पहिल्यांदा सकाळी तर्री पोहे खायला, त्याने साडेसहाची वेळ दिली, मी धावतपळत सातला पोचली तर हा तेव्हाच गाडी लावून राहिला. मला वाटलं हा पण माझ्यासारखाच लेट. नंतर कळलं की त्याने मुद्दाम अर्धा तास आधीची वेळ सांगितली होती, आणि आजही तेच करतो, आणि मला माहीत असून मी आजही फसते. खर्ऱ्यावरून मी तिसऱ्याच भेटीत बोलली की हे सुटलं नाही तर पुढे नको. त्याने वचनबिचन काही दिलं नाही, म्हणे प्रयत्न करतो. सुटला, परत सुरू झाला, परत सुटला, मध्ये एकदा शर्टाच्या खिशात पन्नी सापडली आणि मी माझ्या पद्धतीने दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी चालू केला तर एकच मेसेज, "दोन दिवस झाले, आता चालू होईल म्हणून बसलो आहे". हसू की रडू.

मार्च २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, सीताबर्डी ते खापरी. सगळं नागपूर उगाच बसून जात-येत होतं, आम्हीपण गेलो. येताना त्याने विचारलं आईंची खोली कोणती करायची, बेसाच्या फ्लॅटमध्ये सकाळचं ऊन मागच्या खोलीत येतं. लग्नाचं विचारलंच नाही, डायरेक्ट आईची खोली. मी म्हटलं मागची.

घरचं मात्र सोपं नव्हतं. जात वेगळी. माझी आई आठ दिवसात मानली, त्याच्याकडे काही महिने अबोला. तिथे मैत्रिणीच्या नवऱ्याने एकदा त्याच्या बाबांशी बोलायचा प्रयत्न केला आणि उलटच झालं, ते म्हणे तुम्हीच हे जुळवलं. त्या दोघांना त्या घरी वर्षभर चहा मिळाला नाही. तेव्हा हे पण लक्षात घ्या, जमलं तरी मधल्या माणसांना पडतंच काहीतरी.

शेवटी विशेष विवाह कायद्याने, १९५४ चा तो, रजिस्टर केलं. जानेवारी २०२० मध्ये नोटीस दिली, ती ३० दिवस ऑफिसात लागते, कोणाची हरकत आली नाही की नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत लग्न करायचं. साक्षीदार ३ लागतात. मैत्रीण, तिचा नवरा आणि माझी आई. सही करायची वेळ आली तर मैत्रीण आधार कार्ड घरीच विसरलेली, तिचा नवरा स्कूटीवर इतवारीला गेला आणि आला, तोवर आम्ही बाकावर. आयुष्यात पहिल्यांदा उशीर माझ्यामुळे नव्हता. एप्रिलमध्ये रिसेप्शन होतं ते लॉकडाऊनमध्ये गेलं, हॉलचा अॅडव्हान्स अर्धाच परत मिळाला. त्याचे बाबा त्या वर्षीच बोलायला लागले, आता मैत्रिणीला स्वतःहून चहा विचारतात.

तर तुम्ही जा. पण त्याआधी मैत्रिणीला दोन गोष्टी विचारा, त्याचं वाईट काय, आणि त्याला माझं वाईट काय सांगितलं. "छे, काहीच वाईट नाही गं, हिरा आहे" म्हणाली तर थोडं थांबा. आणि त्या मुलालाही माहीत आहे ना कशासाठी भेटतोय, ते पक्कं करून घ्या, बर्थडेचा केक नको. नंतर रोज विचारायचं नाही हे आधीच ठरवून टाका, तोंडावर सांगा, वाईट वाटलं तर आत्ता वाटेल, ते परवडतं.

भेटायची जागा तुम्ही लिहिली नाही. फुटाळा तलाव ठरवला असेल तर संध्याकाळी सहाच्या आधी जा, नंतर भुट्टेवाले आणि बाइकवाले इतके होतात की समोरचा काय बोलून राहिला ते ऐकू येत नाही. अर्थात तो माझ्या नवऱ्यासारखा असेल तर काही फरक पडणार नाही.