पुढच्या आयफोनच्या अफवा ऐकून थांबावं का, आणि घ्यायला नाशिकहून बीकेसी गाठावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: फोन दिवसातून दोनदा चार्जिंगला लावावा लागतोय, यूट्यूबवर रोज पुढच्या मॉडेलचं काहीतरी नवं कानावर येतंय, तर आत्ताच घ्यावा की नवा येतो त्या सप्टेंबरपर्यंत कळ काढावी? आणि घ्यायचाच तर नाशकात की थेट मुंबईला बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, ॲपल स्टोअरमध्ये?

मी फोन विकत नाही, दुकानांचं फर्निचर करतो. एम.जी. रोड आणि कॉलेज रोडवरची मोबाइलची बरीच दुकानं माझ्या हातून झालीत, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूच्या गप्पा पुष्कळ ऐकल्यात.

एम.जी. रोडला दर वर्षी एक गंमत दिसते. फोन यायला अजून अवकाश असतो आणि त्याचं कव्हर होलसेलवाल्याकडे येऊन पडलेलं असतं. सातपूर-अंबडला डाय बनवणाऱ्या कुणालाही विचारा, प्लॅस्टिकच्या एका साच्याला किती आठवडे जातात ते. कव्हरवाल्याला पहिल्या दिवशी माल मांडायचा असतो, म्हणून तो कारखान्यांतून फुटलेल्या मापांवर आधीच पैसे लावून बसतो. म्हणजे अफवा कुठल्या गोष्टीची आहे ते आधी बघायचं. आकार, कॅमेऱ्याची जागा, खालचं भोक, या गोष्टी कित्येक महिने आधी पक्क्या झालेल्या असतात आणि शेकडो हातांतून गेलेल्या असतात, त्या फुटणारच. २०१६ मध्ये हेडफोनचं भोक जाणार ही बोंब आधीच झाली होती, ते गेलं. २०२३ मध्ये आयफोन १५ ला चार्जिंगसाठी यूएसबी-सीचं भोक येणार म्हणत होते, आलं. (तिथे तर युरोपच्या कायद्यानं दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.) यातही फजिती होते बरं का. २०२१ मध्ये ॲपल वॉच ७ च्या कडा सपाट असणार म्हणून चित्रं फिरली, घड्याळ आलं ते गोल कडांचं.

किमतीची अफवा मात्र सोडून द्या. किंमत साच्यात ओतावी लागत नाही, ती शेवटच्या आठवड्यातही बदलता येते. २०१० मध्ये पहिला आयपॅड यायच्या आधी सगळे जाणकार ९९९ डॉलर म्हणत होते. स्टीव्ह जॉब्सनं मंचावर तोच आकडा पडद्यावर दाखवला आणि मग ४९९ सांगितले. आणि कंपनीनं स्वतः जाहीर केलेली वस्तूही येईलच असं नाही. एअरपॉवर नावाचं चार्जिंगचं पॅड सप्टेंबर २०१७ मध्ये दाखवलं, मार्च २०१९ मध्ये ‘जमत नाही’ म्हणून रद्द केलं. आता बोला.

तुमच्या कामाचा आकडा अफवेत नाही, जुन्या बिलांत आहे. आयफोन १३, १४, १५ आणि १६, चौघांचं साधं मॉडेल भारतात ७९,९०० रुपयांनाच सुरू झालं. १७ आला तो ८२,९०० ला, पण त्यात साठवण दुप्पट, २५६ जीबी. नवा आला की आदल्या वर्षीचा साधा फोन दहा हजारांनी उतरतो. १५ आणि १६ दोन्ही असेच ६९,९०० वर आले. वरच्या, महागड्या प्रो मॉडेलचं तसं नसतं. कंपनी जुना प्रो यादीतून काढूनच टाकते, मग दुकानदाराकडे उरलेला माल तो आपल्या हिशोबानं काढतो. तेव्हा तुम्हाला साधा हवा असेल आणि सप्टेंबर दोन-अडीच महिन्यांवर असेल, तर थांबा, आणि नव्यासाठी नाही, जुन्यासाठी थांबा. त्याहून लांब असेल तर दिवसाला दोनदा चार्जर शोधत फिरण्यात काय मजा आहे? घेऊन टाका.

आता बीकेसी. जरूर जा, पण बघायला. पंचवटीनं दादर, तिथून टॅक्सी.

१८ एप्रिल २०२३ ला हे दुकान उघडलं, देशातलं ॲपलचं पहिलं. मी गेलो आणि पहिली पंधरा मिनिटं मान वर करूनच उभा होतो. छत लाकडाचं, त्रिकोणी घडणीचं. छताच्या हजार टाइल्स, त्यांत मिळून साडेचार लाखांवर लाकडी तुकडे, सगळी जुळणी दिल्लीत झालेली. सरकारवाड्यात किंवा जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, पाहिली असेल तर तुम्हाला ते परकं वाटणार नाही. खुबी अशी की ते छत काचेशी थांबत नाही, तसंच बाहेर निघून पुढच्या सावलीचं छत होतं. ओसरीच ती! रस्त्यावरचा माणूस आत कधी आला ते त्याचं त्यालाही कळत नाही. भिंतींचा दगड राजस्थानचा, आणि मध्ये चौदा मीटरचा स्टीलचा जिना. फॉस्टर अँड पार्टनर्स या वास्तुरचनाकारांच्या कंपनीचं काम आहे. आणि मला सगळ्यात आवडलं ते असं की गल्लाच नाही; पैसे घेणारा माणूस मशीन घेऊन तुमच्याजवळ येतो.

ॲपलची पहिली दोन दुकानं अमेरिकेत १९ मे २००१ ला उघडली. त्याआधी त्यांनी एका गोदामात अख्खं नमुन्याचं दुकान उभारलं आणि मांडणी चुकलीय असं वाटल्यावर ती पुन्हा बदलली. माझं गिऱ्हाईक मला प्लायचा एक नमुना बदलायला दोन दिवस देत नाही.

एकानं मला सांगितलं होतं, “अगदी ॲपलसारखं करून द्या.” केलं. लांब टेबलं, मागची भिंत कोरी, दिवे झाकलेले. सहा महिन्यांनी गेलो तर कोऱ्या भिंतीवर हुक ठोकून छतापर्यंत कव्हरं टांगलेली, टेबलावर टेम्पर्ड ग्लासचे खोके. चिडलो, पण त्याचंही खरं होतं. फोनवर त्याला सुटतं ते किरकोळ, भाडं निघतं ते कव्हर आणि ग्लासवर. रिकामी जागा ज्याला परवडते त्यानंच ठेवावी.

म्हणून बीकेसीत जाऊन तासभर फोन हाताळा. कुणी ‘काय हवंय’ म्हणत मागे लागत नाही, टेबलावरचे सगळे फोन चालू असतात. वजन बघा, तुमचा अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का बघा. नाशकातल्या कुलूपबंद डेमो पीसवर हे नीट कळत नाही. पुण्याला जाणं होत असेल तर ४ सप्टेंबर २०२५ पासून कोरेगाव पार्कातही त्यांचं दुकान आहे, फक्त फोनसाठी मुंबईची फेरी नको. ॲपलच्या दुकानात विद्यार्थ्यांची सवलत किंवा कार्डाची ऑफर असली तर तेवढी मिळेल, पण “जरा बघा ना शेठ” चालणार नाही.

ते नाशकात चालतं. जुन्या फोनचे भाव तीन दुकानांत विचारा, कव्हर-ग्लास वरून मागा. अधिकृत विक्रेत्याकडून घेतला तर वॉरंटी तीच एक वर्षाची, बीकेसीतून घेतल्यानं ती वाढत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा, आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-नंबर, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी ताडून मगच दुकान सोडा.