समोरचा ‘ऑल-इन’ म्हणाला की डोकं बंद पडतं

“मॅडम, कॉल करू की फोल्ड, तेवढंच सांगा.” माझ्याकडे समुपदेशनाला आलेला तिशीतला तरुण, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हापासून शनिवारी मित्राच्या खोलीवर पोकर, म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा डाव, रंगायचा. समोरच्याएवढे पैसे लावून डावात राहणं म्हणजे कॉल, पानं टाकून बाहेर पडणं म्हणजे फोल्ड.

असा प्रश्न मी उडवून लावत नाही. आधी गणितच केलं. पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमलेल्या पैशांत, दोन हजार होते, समोरच्याने आणखी दोन हजार लावून ऑल-इन केलं, म्हणजे जवळचं होतं ते सगळं लावलं. याच्याकडे चार बदाम, पाचवं आलं की फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं. दोन हजार घालून एकूण सहा हजार मिळणार, म्हणजे तीनात एकदा तरी जिंकण्याची शक्यता हवी. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, अजून दोन पानं उघडायची असताना, ती साधारण ३५ टक्के असते. तिथे कॉल चालला असता. पण डाव टर्नवर होता, म्हणजे चौथं पान उघडलेलं, एकच बाकी. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. वीस टक्केही नाहीत.

हिशेबातला माणूस, लगेच कळलं त्याला. “मग मी कॉल का केला?”

हळूहळू निघालं. त्याआधी चार हजार गेले होते आणि खिशातले उरलेले पैसे मुलीच्या फीचे होते. घरी सांगता येणार नाही असा पैसा टेबलावर असला की फोल्ड करणं म्हणजे हार वाटते आणि कॉल म्हणजे सुटका. म्हणून मला वाटतं, ऑल-इनचं उत्तर घरातून निघतानाच ठरलेलं असतं. शिवाय बरोबर कॉल केला तरी हरता येतं: एक्क्यांची जोडीसुद्धा राजांच्या जोडीपुढे पाचात जवळपास एकदा हरते. ते सोसायची तयारी नसेल तर माणूस पुढच्या डावात भरपाई शोधतो.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती चिडली, रडली, पण पगाराचा हिशेब आता दोघं मिळून बघतात. मी त्याला महिनाभर बिनपैशाच्या चिपांवर खेळायला सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, “मजाच येत नाही.” तेव्हा पोकर बाजूला ठेवून आम्ही जुगाराच्या ओढीवर काम सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ती ओढ आजार म्हणून नोंदलेली आहे. लपवाछपवी, उसनवारी, हरलेलं परत मिळवायची घाई, असं काही तुमच्या घरात दिसत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.