तेल्याचा जिवाणू डाळिंबाची प्रतिकारशक्ती कशी मोडतो? ती वाढवायला कोणतं टॉनिक मारावं?

प्रश्नातला 'प्रतिकारशक्ती' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. याच शब्दावरून आमच्या घरात भांडण झालं होतं.

सांगोल्याकडे आमची दोन एकर भगवा वाणाच्या डाळिंबाची बाग होती. तिसऱ्या वर्षी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहार, धरला. फळं लिंबाएवढी झाली, पावसाची झड लागली आणि पानांवर तेलकट ठिपके दिसले. हाच तेल्या रोग. पुढे फळांवर काळे डाग, मग चिरा. दुकानदार म्हणाला, झाडं अशक्त आहेत, टॉनिक सोडा. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ते उधारीवर आणून ड्रिपमधून सोडलं. वर चारचौघांत म्हणाले, पोरानं शेणखतात हात आखडला म्हणून बाग गेली. सगळी फळं तोडून खड्ड्यात पुरली, तो दिवस मी विसरलेलो नाही.

झाडं अशक्त नव्हती. पर्णरंध्रातून किंवा काट्याच्या ओरखड्यातून झॅन्थोमोनास, म्हणजे तेल्याचा जिवाणू, आत शिरला की पेशीला त्याची चाहूल लागते आणि ती आपल्या भिंतीला कॅलोज नावाच्या पदार्थाचं लिंपण करू लागते. पण या जिवाणूकडे सुईसारखी नळी असते. तिच्यातून तो स्वतःची प्रथिनं थेट पेशीच्या आत सोडतो. हेच इफेक्टर. डाळिंबावरच्या जिवाणूत झॉप-एन नावाचा असा एक आहे. त्याचं जनुक निकामी केलेला जिवाणू संशोधकांनी पानात सोडून पाहिला, तेव्हा कॅलोज जास्त साचलं आणि जिवाणू कमी वाढला. म्हणजे लिंपायची ताकद झाडात होतीच, त्याला लिंपू दिलं जात नव्हतं. असे इफेक्टर आणखीही आहेत. बाटलीतलं टॉनिक त्यांना अडवत नाही.

रोग बागेत आणला गुट्यांनी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपांनी. आप्पांनी स्वस्तात ठरवलेल्या गुट्या ज्या बागेतल्या, तिथे आधीपासून तेल्या होता. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा गुट्या जिथून घ्यायच्या ती मातृबाग भर पावसाळ्यात स्वतः जाऊन बघा. छाटताना प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. तेल्याच्या पट्ट्यात मृग धरूच नका, पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरा. वाण बदलून सुटका होईल असंही समजू नका, गणेश वाणालाही तेल्या येतो.

सगळ्याच फवारण्या फसव्या आहेत असं मात्र माझं म्हणणं नाही. सॅलिसिलिक ॲसिड हा झाडाच्या स्वतःच्या संरक्षणातला निरोप्या आहे, त्याच्या वापरामागे शास्त्र आहे. पण तो रोग दिसायच्या आधीचा उपाय. उपाशी झाड रोगातून लवकर सावरत नाही, हेही खरं.

त्या वर्षी शेणखत दोन ट्रॉल्या कमी पडलं, हे मी आप्पांसमोर तेव्हाच कबूल केलं होतं. पण बांधापलीकडे घरच्या गुट्यांच्या चार ओळी होत्या, त्यांनाही तेवढंच शेणखत होतं. तिथे ठिपके आले ते पंधरा दिवस उशिरा, आणि तेही आधी बांधाकडच्या ओळीवर.