‘८६’ हा अ‍ॅनिमे दोन भागांनंतर सोडावासा वाटतोय. पुढे पाहू का?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘८६’चं कौतुक ऐकून पहिल्यांदाच मेका (माणूस आत बसून चालवतो अशा लढाऊ यंत्रांच्या) प्रकारातलं काही पाहायला घेतलं, दोन भाग झाले, पण बराच वेळ एक रुपेरी केसांची मुलगी खोलीत बसून कुणाशी तरी बोलत असते. इतरांना पहिल्यांदा पाहताना काय वाटलं, आणि पुढे पाहावं का?

पाहा. चौथा भाग संपेपर्यंत तरी नक्की पाहा. का ते सांगताना तिसऱ्या-चौथ्या भागातली एक गोष्ट सांगावी लागेल, पण कोण जगतं आणि कोण मरतं ते मी सांगणार नाही.

ही मालिका आम्ही घरात सगळ्यांनी मिळून पाहिली, त्यामुळे ‘पहिल्यांदा पाहताना काय वाटलं’ याची माझ्याकडे एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत. आमचं घर हर्णैला, दापोली तालुक्यात. बाबांची एक ट्रॉलर आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोट खाडीत आत नेऊन ताडपत्रीने शाकारलेली, खलाशी आपापल्या गावी गेलेले आणि पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही. २०२२च्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ राहायला आला होता, त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून नववीतली माझी चुलतबहीण एकेक वाक्य मराठीत मोठ्याने सांगायची. आजी आठळ्या सोलत ऐकायची.

ज्यांनी अजून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. सान मॅग्नोलिया नावाचं एक प्रजासत्ताक आहे. शेजारच्या गियाड साम्राज्याने सोडलेली ‘लीजन’ ही स्वयंचलित यंत्रं नऊ वर्षं त्याच्यावर चालून येतायत. तटबंदीच्या आत ८५ विभाग, पांढरीशुभ्र राजधानी, आणि रोज बातम्यांत एकच गोष्ट: आपली ‘जगरनॉट’ यंत्रं माणसाशिवाय लढतात, जीवितहानी शून्य. खरं तर प्रत्येक जगरनॉटमध्ये एक मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. रुपेरी केसांच्या आल्बा वंशातली नाहीत म्हणून या लोकांना तटबंदीबाहेरच्या, नकाशावर नसलेल्या ८६व्या विभागात हाकलून दिलंय आणि माणसांतूनच वजा केलंय. त्यांना म्हणतात ‘प्रोसेसर’, म्हणजे यंत्राचा सुटा भाग. सुटा भाग तुटला तर जीवितहानीत मोजायचं कशाला? लीना ही सोळा वर्षांची मेजर त्यांची ‘हँडलर’, म्हणजे दुरून हुकूम देणारी अधिकारी आहे. ती राजधानीत बसून ‘पॅरा-रेड’ नावाच्या साधनातून त्यांच्याशी बोलते. चेहरे दिसत नाहीत, फक्त आवाज ऐकू येतात.

मावसभाऊ डिझेल इंजिनं दुरुस्त करतो, त्याला आधी यंत्रच दिसलं. मेका म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर १९७९च्या ‘गंडम’ मालिकेतला १८ मीटर उंचीचा रोबो. इथे मात्र चार पायांवर फरफटत पळणारं, जेमतेम एक माणूस मावेल असं काहीतरी निघालं. ५७ मिलिमीटरची तोफ, दोरासारखे फेकायचे अँकर, आणि चिलखत म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. तो म्हणाला, ‘ही तर कुर्ली आहे, खेकडा, आणि ती पण नुकतीच कात टाकलेली, मऊ.’ कात टाकलेली कुर्ली दगडाखाली लपते, कारण तिला कोणीही खाऊ शकतं. या मुलांना मात्र तशाच अवस्थेत उघड्यावर पळवत होते. पहिल्याच लढाईत लीजनची यंत्रं गुपचूप, सळसळत येतात आणि जगरनॉटचे सांधे करकरतात, हा फरक त्याने मला मागे जाऊन पुन्हा ऐकवला. नायक शिन जवळ जाऊन पात्यांनी लढतो तेव्हा तो म्हणाला, ‘अशा डब्यातून जवळ जायचं म्हणजे याला जगायचंच नाही.’ पहिल्या भागातच शिनला इतकं ओळखणारा आमच्यात तो एकटाच होता.

चुलतबहिणीला लीना अजिबात आवडली नाही. ‘ही नुसती गोड बोलते,’ हे तिचं मत. कॅमेरा लीनाच्या पायांवर उगाच रेंगाळतो, ते पाहून ती म्हणाली, ‘हे कशाला?’ बरोबरच होतं तिचं. इतक्या गंभीर गोष्टीत ते खटकतं, आणि पुढेही मधूनमधून खटकत राहतं. तिला छावणीतली मुलं आवडली: एकत्र स्वयंपाक करणारी, चिडवाचिडवी करणारी, आज सकाळी कोण नाही हे ठाऊक असूनही हसणारी. आई पहिल्या भागात झोपली, हे तुमच्यासारखंच झालं म्हणायचं.

आजी मात्र दुसरा भाग चालू असताना, लीना रात्री खोलीत एकटी बसून मुलांशी बोलत होती तेव्हा, म्हणाली, ‘ही समुद्रावरच्यांशी बोलते काय गो?’

बहिणीने समजावलं की समुद्र नाही, युद्ध आहे. पण मला पुढचा सीन दिसलाच नाही.

आमच्या घरात एका कोपऱ्यात वायरलेस असायचा. त्याच्यासमोर आजोबांची खुर्ची. बोट बाहेर गेली की संध्याकाळी ते त्या खुर्चीत बसायचे आणि तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी बोलायचे: किती वाव पाणी आहे, जाळी कशी आहे, बर्फ किती उरला. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा मी लहान होते. त्या रात्री आजोबा खुर्चीतून उठले नाहीत. सेटमधून नुसता खरखर आवाज. पहाटे कधीतरी तांडेलाचा आवाज आला, बोट खाडीत शिरली होती. आजोबांनी गावातल्या दोघांची नावं घेऊन विचारलं, ते आहेत ना. आहेत म्हणाला. मग विचारलं, ‘आणि बाकीची?’ तांडेल म्हणाला, ‘बाकी चार बहादूर आहेत, बरी आहेत.’ आजीने देवापुढे दिवा लावला, आम्ही सगळी रडलो. माझे आजोबा फार चांगले होते. त्या चौघांना त्यांनी घरी आणून जेवू घातलं, नवे कपडे दिले. पण ती चौघं म्हणजे ‘चार बहादूर’च होती. कोकणातल्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी पुष्कळ असतात, आणि कितीतरी बोटींवर त्यांना एकच नाव असतं.

आता तुम्ही जिथे थांबला आहात त्याच्या पुढची गोष्ट. पहिल्या दोन भागांत लीना चांगलीच वाटते. बाकीचे अधिकारी दारू पिऊन लोळतात, या मुलांना डुकरं म्हणतात, आणि ही त्यांच्याशी आदराने बोलते, रोज चौकशी करते, मेलेल्यांसाठी हळहळते. आपल्यालाही वाटतं की निदान ही तरी आहे. तिसऱ्या भागात तुकडीतलं एक जण जातं. लीना तेच हळहळीचं बोलते. तेव्हा थिओ नावाचा मुलगा तिच्यावर उसळतो. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा की तू आम्हाला माणूस मानतेस असं म्हणतेस, पण आमची नावं तरी कधी विचारलीस का? खरंच, ती इतके दिवस त्यांना लढाईतल्या टोपणनावांनीच हाक मारत होती. अंडरटेकर, लाफिंग फॉक्स, गनस्लिंगर. आणि ते तिला एकदाही खटकलं नव्हतं.

मला ते ऐकून पोटात कळ आल्यासारखं झालं. दोन वर्षं बोटीचा हिशोब मी लिहीत होते. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांची उचल. त्या वहीत तांडेलाचं नाव होतं, गावातल्या एकाचं होतं, आणि पुढे खलाशी १, खलाशी २ असं सहापर्यंत. उचल कधी चुकवली नाही, पैसे वेळेवर दिले, आजारी पडले तर दापोलीला डॉक्टरकडे नेलं. नावं विचारावीत असं मात्र मनात आलं नव्हतं. लीनाला ऐकवलं गेलं तेव्हा मी तिच्याच खुर्चीत बसले होते.

चौथ्या भागात ती माफी मागते आणि एकेकाला नाव विचारते. बहीण एकेक नाव मोठ्याने वाचत होती. आजीने आठळ्यांची परात बाजूला ठेवली आणि प्रत्येक नाव आपल्या परीने पुन्हा म्हणून पाहिलं. जपानी नावं, तिच्या तोंडी भलतीच व्हायची, पण ती एकही सोडत नव्हती. आई तोवर येऊन बसली होती आणि नंतर शेवटच्या भागापर्यंत उठली नाही.

म्हणून मला वाटतं की तुम्हाला आलेला कंटाळा हा मालिकेचा दोष नाही. दिग्दर्शक तोशिमासा इशिई यांनी आपल्याला मुद्दाम त्या खोलीत बसवलंय. तोच प्रसंग आधी तटबंदीच्या आतून दाखवायचा आणि मग बाहेरून, ही त्यांची पद्धत पुढे सारखी येते. लीना सहज काहीतरी बोलते आणि तेच वाक्य पलीकडे, चिखलात बसलेल्या मुलांना कसं ऐकू येतं ते नंतर कळतं. पहिल्या भागात लढाई पूर्ण न दाखवता आवाजांवर नेली आहे, कारण लीनालाही तेवढंच मिळतं. जो दोन भाग त्या खुर्चीत बसला नाही त्याला थिओचं बोलणं दुसऱ्याला उद्देशून वाटेल. बसला असेल तर ते त्यालाही लागतं.

मूळ कादंबरी आसातो आसातो यांची. डेंगेकी कादंबरी स्पर्धेत तिला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २०१७मध्ये ती प्रसिद्ध झाली. अ‍ॅनिमे ए-वन पिक्चर्सने केलाय, पहिले ११ भाग २०२१च्या एप्रिल ते जूनमध्ये आले, उरलेले त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. शेवटचे दोन भाग मात्र लांबले आणि थेट मार्च २०२२मध्ये दाखवले गेले. एकूण २३. तुम्हाला लढायाच हव्या असतील तर उत्तरार्धात त्या भरपूर आणि फार सुंदर आहेत. हिरोयुकी सावानो आणि कोहता यामामोतो यांचं संगीत तिथे अंगावर येतं. मला स्वतःला पहिले ११ भागच जास्त जवळचे वाटतात, कारण ते दोन बाजूंच्या आवाजांवर उभे आहेत.

एक उणीव सांगते. राजधानीतले लोक फारच एका रंगात रंगवलेत. सगळे दारुडे, सगळे निर्लज्ज. खऱ्या आयुष्यात ज्या लोकांना नावं ठाऊक नसतात ते बहुतेक वेळा भलेच असतात, आजोबांसारखे. लीना तशी आहे म्हणून ती इतकी खरी वाटते. तिच्याभोवती तिच्यासारखे आणखी दोन-चार असते तर गोष्ट अजून जड झाली असती.

आणि शिनची एक सवय लक्ष ठेवून पाहा. जो साथीदार मरतो त्याच्या यंत्राच्या पत्र्याचा तुकडा घेऊन तो त्यावर त्याचं नाव कोरतो आणि जवळ ठेवतो. प्रजासत्ताकाने ज्यांच्यासाठी कबरसुद्धा ठेवलेली नाही त्यांची तेवढीच नोंद. मावसभावाला हे सगळ्यात जास्त लागलं. तो त्या रात्री बराच वेळ ओटीवर बसून होता.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आसपास खलाशी परत आले. ताडपत्री उतरवून बोट धुवायचं काम चालू होतं. मी वही घेऊन खाडीवर गेले आणि त्यांना नावं विचारली. सगळ्यात वयस्क होता त्याने आधी विचारलं, ‘बँक का काम है क्या?’ मी म्हटलं, नाही, वहीत लिहायचंय. त्याने नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग गावाचं. मी लिहिलेलं वाकून पाहिलं आणि एक मात्रा चुकली होती ती बोट ठेवून सुधारायला सांगितली. सहापैकी दोघांची नावं एकच निघाली, म्हणून त्यांच्यापुढे गावंही लिहिली. ती नावं मी इथे देत नाही, ती त्यांची आहेत. आजीने मात्र मी घरी आल्यावर सगळी विचारून घेतली आणि आता डबा पाठवायचा असला की ती नाव घेऊनच पाठवते.

तुम्ही आज तिसरा भाग लावा आणि मध्ये न थांबता चौथा पाहा.